लर्विकहून आत्याला

लर्विक, शेटलंड
२ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू जिल्हा परिषदेला उभी राहतेयस, हे आईकडून कळलं आणि फार आनंद झाला. "बाईमाणसाला राजकारणातलं काय कळतं" असं पारावर बोललं जातं, हेही तिने सांगितलं. त्याचा मला राग आला, म्हणून इथल्या एका बाईंबद्दल मुद्दाम लिहितेय.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडची बेटं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनहून संध्याकाळी बोटीत बसावं, तर सकाळी इथे पोचतो, इतकं हे बेट आडबाजूला. इथल्या सँडनेस गावात १८६४ साली क्रिस्टीना जेमीसन जन्मल्या. वडील शाळामास्तर. भाऊ विद्यापीठात गेले, त्यातल्या दोघांनी शरीरशास्त्र शिकवण्यात मोठं नाव कमावलं. या मात्र वडिलांच्या हाताखाली घरीच शिकल्या आणि लिहू लागल्या, तेही पुरुषाच्या टोपणनावाने.

आत्या, इथल्या बायकांचे जुने फोटो तू बघायला हवेस. पाठीवर पीटने (सरपण म्हणून जाळायची दलदलीतली वाळवलेली माती) भरलेली गवताची टोपली, खाली उतरणीची वाट, आणि दोन्ही हात विणकामात! चालता चालता मोजे विणायच्या, ते विकून घरात मीठमिरची यायची. पुरुष मासेमारीला किंवा जहाजावर. १८८१ च्या जुलैत एका वादळात ५८ कोळी बुडाले. त्यांच्या बायकांनी शेत, गुरं, खंड, पोरं सगळं एकटीने ओढलं. तरी पार्लमेंटच्या निवडणुकीत त्यांना मत नाही!

जेमीसनबाईंना हेच सलत होतं. १९०९ मध्ये त्यांनी लर्विकच्या बायकांना जमवून मताधिकाराची संस्था काढली आणि तिच्या चिटणीस झाल्या. लंडनमध्ये याच मागणीसाठी बायका काचा फोडत होत्या, उपोषणं करत होत्या. यांनी सभा, पत्रकं, वर्तमानपत्रातले लेख हा सनदशीर मार्ग धरला. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे उघडपणे असं बोलणं किती अवघड, ते तुला मी काय सांगू? पुढे त्या लर्विकच्या स्कूल बोर्डावरही निवडून गेल्या.

१९१८ मध्ये कायदा झाला, पण तिशीपुढच्या आणि घरदाराची अट पुरी करणाऱ्या बायकांपुरता. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडलं. म्हातारपणी बाई न्यूझीलंडला गेल्या आणि १९४२ साली तिथेच वारल्या. तिथल्या बायकांना मत मिळालं होतं १८९३ मध्येच!

आपल्याकडे मुंबई इलाख्यात रमाबाई रानड्यांनी याच मागणीसाठी म्हातारपणी कंबर कसली होती. तेव्हाही पारावर हेच बोलत असतील.

प्रचाराला वाड्यावस्त्यांवर एकटी फिरू नकोस, वहिनीला बरोबर घे. आणि बायकांच्या सभेत पाण्याचा प्रश्न आधी काढ, हंडा त्याच वाहतात. अर्ज भरलास की लगेच कळव.

तुझी,
मीनू