आजीबद्दल सांगशील?

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

चिऊ नऊ महिन्यांची झाली. परवा संध्याकाळी तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. मी तिला पाळण्यात ठेवलं आणि सरळ आत जाऊन भांडी घासायला लागले. कढई घासता घासता हात थांबले. आई, हे तू करायचीस.

मी रडले की "रडायचं नाही" एवढंच म्हणून तू आत जायचीस आणि भांड्यांचा आवाज यायचा. मला अंगणात न्यायचे ते बाबा. आईला मी आवडत नाही, असं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

बालमानसशास्त्राचा वर्ग लावलाय, त्यात मेरी मेन या अमेरिकन संशोधिकेची मुलाखतीची पद्धत शिकवली. लहानपणचं आईशी असलेलं नातं पाच शब्दांत सांगायचं, मग प्रत्येक शब्दाची एकेक आठवण. लंडनमध्ये पहिलटकरणींना दिवस गेलेले असतानाच हे विचारलं आणि मूल वर्षाचं झाल्यावर ते आईला कसं बिलगतं, ते पाहिलं. १९९१ साली निष्कर्ष छापून आले. आईच्या बोलण्यावरून बांधलेला अंदाज चारांतल्या तीन मायलेकरांच्या बाबतीत बरोबर आला होता. त्यातही त्या आईचं बालपण सुखाचं होतं की नाही, यापेक्षा तिला ते सरळ, न टाळता सांगता येतं का, हे जास्त महत्त्वाचं.

मी वही घेऊन बसले. 'कडक' पटकन लिहिलं, आठवणीही भराभर आल्या. 'मायाळू' लिहून मात्र अडले. मग आठवलं, भांड्यांचा आवाज थांबला की तू मऊ भात आणायचीस, वर तूप, काही न बोलता. ताटली रिकामी होईपर्यंत शेजारून हलायची नाहीस. इतकी वर्षं मी फक्त भांडी ऐकली गं.

तू सात वर्षांची असताना आजी गेली आणि तू मामांकडे वाढलीस, एवढंच मला ठाऊक आहे. तिथं तुला रडू देत होते का? तुला कुणी जवळ घ्यायचं का? मी कधी विचारलंच नाही. चिऊ रडते तेव्हा माझ्या छातीत जे गोठतं, ते तुझ्याही छातीत गोठत असेल, असं आता वाटतं.

काल ती रडली तेव्हा मी आत गेले नाही. खांद्यावर घेऊन बसून राहिले. मलाही रडू आलं, येऊ दिलं.

रविवारी दुपारी फोन करते. बाबा, त्या दिवशी स्पीकर लावू नका, मला आईशी एकटीशी बोलायचंय. आई, आजीबद्दल सांगशील? ती तुझी वेणी कशी घालायची, तिथून सुरू कर.

तुमची,
ताई