बदलीचा अर्ज भरला नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडायला लागली असती आणि बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन तिच्या हातात दिला असता. म्हणून पत्र. आंतरजिल्हा बदलीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यात परत यायचा, अर्ज मी यंदा भरलेला नाही. मुदतही संपली. दादाला आधीच सांगितलंय. त्याच्यावर चिडू नका, त्याला गप्प राहायला मीच बजावलं होतं.

आई, शिमग्यात तू देवीला गाऱ्हाणं घातलंस ते मला ठाऊक आहे. ते फुकट गेलं असं मनात आणू नकोस. "माझ्या लेकीचं बरं कर" असंच म्हणाली असशील ना? बरंच चाललंय माझं.

वाडीत कोणी विचारलं तर सांगा, जिल्हा बदलला की सेवाज्येष्ठता जाते, यादीत तळाला जावं लागतं. खोटं नाही ते. पण तेवढ्यासाठी मी इथे राहिलेली नाही, आणि हे बाबांना कळेल अशी मला आशा आहे.

बाबा, खडू-फळा योजनेतून तुमच्या शाळेत साहित्याची पेटी आली होती. आजूबाजूच्या शाळांनी ती जडसंग्रह नोंदवहीत चढवली आणि कपाटाला कुलूप घातलं, कारण भिंग फुटलं तर भरून कोण देणार? तुम्ही ती पोरांच्या हातात दिलीत. तुमच्या टेबलाखाली बसून मी भिंगातून मुंगी बघत बसायचे आणि तुम्ही वरून पाय हलवून "आहेस ना गं?" विचारायचात. आता माझ्या शाळेत टॅब आहेत, प्रोजेक्टर आहे, आणि कुलूप तेच आहे. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आल्यावर गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या. किती ठिकाणी पडद्यावर कविता लावायची, पोरं एकटक बघणार, पाहुणे खूश होऊन चहा पिऊन जाणार, एवढ्यावरच गाडी थांबली. मला त्यापुढे जायचं होतं, आणि ते शिकायला वेळ लागला.

2020 च्या टाळेबंदीत शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे, 'निष्ठा'चे कोर्स सरकारी दीक्षा ॲपवर आले. रेंज मिळेल त्या टेकाडावर बसून ते केले. प्रमाणपत्रांचा गठ्ठा झालाय, त्याचं मला फार कौतुक नाही. पण पुढे एका प्रशिक्षणात मिश्रा आणि कोहलर यांची 2006 सालची मांडणी शिकवली. नुसतं यंत्र येऊन भागत नाही. विषय, शिकवायची पद्धत आणि साधन या तिन्हींची समज एकमेकांत मुरावी लागते. मला हसू आलं. तुमच्या पाठटाचणात 'साहित्य' या रकान्यात चिंचोके लिहिलेले असायचे आणि त्यापुढे ते कोणत्या क्षणी काढायचे तेही. हे वेगळं काय आहे?

2020 मध्येच डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा तुम्ही कात्रणाचा फोटो पाठवला होतात, खाली लिहिलं होतंत, "बाय, तू पण." तो मी अजून ठेवलाय. मला बक्षीस नको, पण पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं सांगते. आमच्या पाड्यावर रेंज नसली की तो नुसता काळा चौकोन. म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी, धडगावला जाते तेव्हा सगळं उतरवून आणते. कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' आहे ना, विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करून बघायचं, कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेलं, तेही मराठीत आणि फुकट मिळतं. एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही. सातवीच्या पोरांना आधी विचारते, दुसरा बल्ब जोडला तर पहिला मंद होईल का? वहीत लिहून झालं की मगच टॅबवर जोडून बघायचं. लगेच खरा सेल, खरी वायर. भांडतात नुसती! एकाने एकामागोमाग एक जोडलेले असतात, दुसऱ्याने समांतर, आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणून ओरडतात.

पण माझं मन अडकलंय ते तिसरीत. घरी सगळी पावरी, इथल्या आदिवासींची बोली, बोलतात, पुस्तक मराठीत. एका पोरीने तिच्या आजीकडून गोष्ट पावरीत टॅबवर रेकॉर्ड करून आणली. मधे कोंबडा आरवतो, आजी त्याला शिव्या घालते, तेही आलंय. सगळ्यांनी चित्रं काढली, मग एकेका चित्राखाली मराठीत वाक्य. ती पोर वर्गात तोंड उघडत नसे. स्वतःचं वाचन तिने स्वतःच ऐकलं, एका शब्दाशी थबकली, टॅब कानाशी धरून परत ऐकलं आणि मी काही न म्हणता पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागली. अशा गोष्टींचा साठा आता कुठे जमायला लागलाय. आमच्या शाळा-केंद्रातले दोन शिक्षक बघून गेले, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत मला मांडायला सांगितलंय. हे पोरांच्या हाताशी बसलं, दुसऱ्या कोणाला चालवता येऊ लागलं, की मी पुढच्या वेळी अर्ज भरीन. कबूल.

आता माझी काळजी करू नका. खोलीवर मी आणि पाचवीच्या बाई दोघी आहोत. गॅस आहे, सोलरचा दिवा आहे, पाणी हापशावरून पोरंच आणून देतात, मी नको म्हटलं तरी. नाचणीची भाकरी सुटली, ज्वारीची लागली. आई, तुझं कुळथाचं पीठ संपत आलंय, हे मात्र गंभीर आहे. लग्नाचा विषय फोनवरच काढा, पत्रात नको.

आणि आता नीट ऐका. बाबा, मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते, हे जुनं झालं. दादा तारीख घेतोय. 1 मेला निकाल वाटले की मी निघते, ऑपरेशनला मी असणार, थेंब मीच घालणार. तोवर संध्याकाळी स्कूटर चालवायची नाही. "आपल्याच रस्त्याने" सुद्धा नाही. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. आई, माळ्यावर चढायचं नाही, आंब्याच्या अढीसाठी तर नाहीच, मी आल्यावर काढू. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही.

बाबा, तुम्ही निवृत्तीच्या तोंडावर एमएस-सीआयटी दिलीत, माऊस पकडताना हात थरथरत होता तरी. तेव्हा मी हसले होते. आता व्हिडिओ कॉल आला की फोन कानाला लावू नका, समोर धरा, मला तुमचा कानच दिसतो. रविवारी दुपारी मी धडगावला असेन, तेव्हा लावीन. आई शेजारी असू दे. रुसली असेल तरी असू दे.

तुमची
बाय