मार्कांचं नको, दुसरं काहीतरी सांग

दांडिया बाजार, बडोदा
गुरुवार, रात्री

चि. सुमेध,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालास, "आई, मार्क बरे आलेत, पण हे सगळं कशासाठी चाललंय तेच कळत नाही." आणि लगेच, "ठेवतो, क्लास आहे." तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फोनवर बाबा शेजारी असतात, तुझ्याकडे तो रूममेट असतो, म्हणून लिहायला बसले. झोपतोस ना रे नीट?

मेडिकलच्या प्रवेशाची ती नीट परीक्षा, तीन तासांत १८० प्रश्न सोडवायचे म्हणजे खेळ नाही. तू किती राबतोस ते मी पाहिलंय, आणि कुणी विचारो न विचारो, मी चारचौघींत अभिमानाने सांगते. पण ७२० पैकी किती, हे मी यापुढे विचारणार नाही.

मला तो नववीतला सुमेध आठवतो. थंडीत ऊन वर आलं की काळाघोड्याच्या पुलावर जाऊन विश्वामित्रीतल्या मगरी बघायचा. वहीत प्रत्येकीची अंदाजे लांबी, कुठल्या काठाला, तोंड उघडं की मिटलेलं. पिल्लं अंड्यातून ओरडायला लागली की आई येऊन घरटं उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते, हे तूच मला पोळ्या लाटताना सांगितलं होतंस. २०२४च्या पुरात मगरी सोसायट्यांत शिरल्या तेव्हा तुला घरात थोपवता थोपवता बाबांच्या नाकी नऊ आले. त्या वहीसाठी तुला कुणी मार्क देत नव्हतं, तरी एक दिवस चुकवला नाहीस. जेवतोस ना वेळेवर? मेसचं आवडत नसेल तर सांग.

आप्पा नेहमी सांगायचे, दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, छपाईत पडले, आणि 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला तेव्हा ४३ वर्षांचे होते. तुला तर अजून अठरावंही लागलं नाही. एवढ्यात सगळं ठरलंच पाहिजे असं कुठे आहे? माणसाने आधी स्वतःला... जाऊ दे. पुन्हा उपदेश सुरू झाला. राग मानू नकोस.

एक सांगते. तुमच्या कोटा शहरात मुलांच्या जिवाच्या काळजीने होस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा आदेश २०२३मध्ये निघाला, तो मी वाचला होता. तुला सोडायला आले तेव्हा खोलीत शिरताच आधी वर पाहिलं. तुझ्या लक्षात आलं नाही. का पाहिलं, ते तुला सांगायला नको.

डॉक्टर व्हायचं असेल तर जरूर हो. पण एवढं कर. परीक्षेला नसतं तरी वाचलं असतं, असं आज काही सापडलं का, ते रोज मला एका ओळीत पाठव. मला समजलं नाही तरी चालेल. चार दिवस काहीच सापडलं नाही तर तेही लिही, लपवू नकोस.

आणि यावंसं वाटलं तर ये. एम. एस. युनिव्हर्सिटीत झूऑलॉजी आहे. बाबांशी बोलले, ते बराच वेळ गप्प होते, पण नाही म्हणाले नाहीत. फी भरली आहे याचा विचार तू करायचा नाहीस, तो आमचा आहे.

ताईच्या हाती डिंकाचे लाडू पाठवते आहे. एकच्या पुढे जागू नकोस. आणि झोप लागली नाही तर कितीही वाजले असोत, फोन कर, मी उचलते.

तुझी,
आई