व्हिटॅमिनची गोळी

प्रिय बाळा,

रविवारी रात्री फोनवर तू विचारलंस, "बाबा, गोळ्या बंद केल्या तर?" मी घाईघाईने "डॉक्टरांशी बोलू" म्हणालो आणि विषय दुसरीकडे नेला. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "तिचं पूर्ण ऐकून तरी घ्यायचंस." खरं आहे. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबलं तर दोन-तीन बैठकांत वाच.

खोलीतल्या मैत्रिणीने तुझ्या कपाटातली डबी बघून विचारलं, कसल्या गोळ्या आहेत, आणि तुझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "व्हिटॅमिन." हे सांगताना तू हसलीस. मला मात्र त्या शब्दाने झोप लागली नाही, कारण तो शब्द माझा आहे. तू साडेदहा वर्षांची होतीस तेव्हा मीच तो तुला पढवला.

त्याआधीची दोन वर्षं तुला किती आठवतात कोण जाणे. मला सगळी आठवतात. तू आठ वर्षांची असताना वर्गशिक्षिकेने आम्हाला बोलावून सांगितलं, हुशार आहे, पण एकदा तपासून घ्या. एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि चंचलपणाशी संबंधित विकार, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि तिथल्या तिथे झिडकारला. पोरगी दोन-दोन तास चित्र काढत बसते, हिला कसला लक्षाचा आजार? या आजारात लक्ष नसतंच असं नाही, ते हवं तिकडे वळवणं आणि तिथे टिकवणं जमत नाही, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचंही नव्हतं. धाक कमी पडतोय, मोबाइलने पोरं बिघडलीत, हा सगळा औषधवाल्यांचा धंदा आहे, मेंदूच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत... लोक जे जे बोलत होते ते सगळं मी तुझ्या आईला ऐकवत राहिलो. तिला तेव्हाच पटलं होतं. ती दोन वर्षं माझ्यासाठी थांबली, आणि त्या दोन वर्षांची किंमत तू मोजलीस.

एक संध्याकाळ सांगतो. आठ गणितं होती. सातला बसलीस, दहा वाजले तरी तिसऱ्यावरच होतीस. पेन्सिलीला टोक करायला उठलीस, पाणी प्यायला उठलीस, मग पुसायला घेतलेलं खोडरबरच कुरतडत बसलीस. मी वही ओढली आणि पान फाडलं. तू रडली नाहीस. म्हणालीस, "बाबा, मी मनावर घेतेय. तरी होत नाहीये." 'मनावर घेत नाही' हा तुझ्या प्रगतिपुस्तकातला शेरा होता, सलग तीन वर्षं. तुला तो पाठ झाला होता. त्या फाडलेल्या पानाबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नाही. आज मागतो.

दुसऱ्याच आठवड्यात आपण बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दोन भेटींत मिळून तीन तास घेतले. लक्षाबद्दल नऊ लक्षणं, चंचलपणा आणि उतावळेपणाबद्दल नऊ. लहान मुलांत त्यांतल्या एका तरी गटातली सहा असावी लागतात, बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यापायी रोजचं आयुष्य अडावं लागतं. मी विचारलं, रक्ताचा रिपोर्ट नाही, स्कॅन नाही, मग खात्री कशी धरायची? त्या म्हणाल्या, "अर्धशिशी तरी रक्तावरून कुठे कळते?" मुली उशिरा का सापडतात तेही त्यांनीच सांगितलं. वर्गात उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती वेंधळी ठरते आणि तशीच पुढच्या वर्गात जाते. यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के असल्याचं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय, असं त्या म्हणाल्या तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. हरवलेल्या किल्ल्या, हुकलेल्या मुदती, अर्धवट सोडलेली कामं. माझी तपासणी अजून झालेली नाही. पुढच्या महिन्यात वेळ घेतली आहे, हे तुला पहिल्यांदाच सांगतोय.

गोळ्या चष्म्यासारख्या असतात, असं समजावणारे बरेच भेटतात. माणूस चांगल्या मनाने सांगतो, पण मला ते पूर्ण पटत नाही. चष्म्याने भूक मरत नाही. तुझी मेली होती. डबा तसाच परत यायचा, आणि संध्याकाळी औषधाचा असर उतरला की तू तासभर रडायचीस. मात्रा कमी केली, मग सावकाश सुटणारी गोळी आली, झोपेची वेळ बदलली. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी तुझी उंची लिहायचो, कारण या औषधाने वाढ थोडी मंदावू शकते. अंगाला मानवेल असं जमायला पाच महिने लागले. मग एका दुपारी शाळेतून येऊन दप्तर न काढताच तू म्हणालीस, "आज बाईंचं वाक्य मला शेवटपर्यंत ऐकू आलं."

आणि त्याच आठवड्यात मी तुला सांगितलं, कुणी विचारलं तर व्हिटॅमिन म्हणायचं.

तेव्हा वाटलं होतं, तुला लोकांपासून वाचवतोय. पण तू त्यातून एवढंच शिकलीस की जे तुझ्या कामी येतंय ते लपवण्यासारखं आहे. नंतर मी बरंच वाचलं, उशिरा का होईना. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयातल्या ३० मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. हेतू मुलांची डोकेदुखी थांबवण्याचा होता. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण जवळपास निम्म्या मुलांचा अभ्यास आश्चर्य वाटावं इतका सुधारला. त्या मुलांनी स्वतःच गोळ्यांना नाव ठेवलं, 'गणिताच्या गोळ्या'. हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. त्या मुलांनी गोळीने काय दिलं ते बघून नाव ठेवलं होतं, आणि मी लोक काय म्हणतील ते बघून.

तुझं औषध मेथिलफेनिडेट. १९४४ साली लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा बनवलं, आणि रिटालिन हे त्याचं बाजारातलं नाव त्याच्या बायकोवरून पडलं. तिला तो रीटा म्हणायचा. त्याने ज्याला बायकोचं नाव दिलं, त्याचं नाव उच्चारायला मी नऊ वर्षं लाजलो.

"हल्लीचं खूळ आहे" असं कुणी म्हणालं, तर वाद घालत बसू नकोस. तुझ्यापुरतं माहीत असू दे. लक्ष एकाच गोष्टीवर न ठरणाऱ्या मनाचं वर्णन अलेक्झांडर क्रिक्टन या वैद्याने १७९८ सालच्या पुस्तकात केलंय. १९०२ साली जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली, पण दोष ठेवला तो मुलांच्या नैतिक संयमावर. शब्द बदलले, पण 'मनावर घेत नाही' म्हणजे तेच.

फोन ठेवता ठेवता तू हळूच विचारलंस, गोळी घेतलेली मी खरी की न घेतलेली? यावर मी चार दिवस विचार करतोय. हे औषध मेंदूत संदेश पोचवणारं डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन लगेच परत शोषलं जाऊ देत नाही, तेवढे काही तास. चित्रं तू गोळीआधीही काढायचीस. त्यांतली बरीच अर्धी राहायची, ती पुरी होऊ लागली. मला दोन्हींत तूच दिसतेस. पण हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं झालं. आतून तुला विझल्यासारखं वाटत असेल, हसू येईनासं झालं असेल, तर ते सोसू नकोस. मात्रा जास्त होत असेल तर असं होतं, आणि डॉक्टरांना ते ऐकायचं असतं.

मैत्रीण परीक्षेसाठी एक गोळी मागते म्हणालीस. तिला नाही म्हण. तुला देण्याआधी हृदयाची माहिती घेतली होती, रक्तदाब मोजला होता, अजूनही मोजतात. तिचं कुणी काही तपासलेलं नाही, आणि दुसऱ्याच्या नावावरचं औषध देणं कायद्यातही बसत नाही. तिचंही लक्ष खरंच लागत नसेल तर तिने तपासून घ्यावं. तू सोबत जा, वाटल्यास.

आता बंद करण्याचं. तू एकोणीस वर्षांची आहेस. हा निर्णय तुझा आहे, मी आड येणार नाही. गोळीची गरज उरली आहे का, हे वर्षातून एकदा तरी नव्याने तपासायलाच हवं. फक्त लोकांच्या बोलण्यावरून ठरवू नकोस, त्यापायी मी आधीच दोन वर्षं घालवली आहेत. परीक्षा नसलेले आठवडे निवड, डॉक्टरांना सांगून कर, आणि वाचन, झोप, चिडचिड, विसरलेल्या गोष्टी रोज चार ओळींत लिहून ठेव. पुढच्या भेटीला मी बाहेर बसेन. आत तू एकटी जा.

कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, तेही तुझंच. सगळ्यांना सांगायलाच हवं असं मुळीच नाही. "ते माझं खासगी आहे" एवढं पुरतं. पण खोटं नाव नको.

शनिवारी येतोय. ती व्हिटॅमिनचं लेबल लावलेली डबी मीच भरून दिली होती, ती मी परत नेतो. औषध मूळ खोक्यात आणतो, वर तुझं आणि औषधाचं नाव वाचता येईल असं. कपाटासाठी एक कुलूपही आणतोय. एक किल्ली तुझ्याकडे राहील. दुसरी माझ्याकडे देऊ नकोस, मी हरवेन, आईकडे दे.

तुझा,
बाबा