चाचा, तुम्ही फरशीवर बसलात

आदरणीय चाचा,

तुम्ही मोबाइलवर वाचत नाही, पण तुमची नात हे तुम्हाला वाचून दाखवील या भरवशावर लिहितेय. परवा फराळाचा डबा तेवढा ठेवून घेतलात आणि सोबतचं पाकीट मात्र माझ्या हातात परत दिलंत. "पाखराच्या कामाचे पैसे घेत नसतो, बेटा." मग आभार तरी मानू कुठे? म्हणून इथे, चारचौघांत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बंड्या हा आमचा कॉकाटील, पोपटाच्या कुळातलं छोटं पाखरू. राखाडी अंग, पिवळा तुरा, दोन्ही गालांवर केशरी ठिपके, वजन जेमतेम 90 ग्रॅम. लेक दहावीत असताना आणला. ती पुस्तक घेऊन बसली की हा तिच्या खांद्यावर. जूनमध्ये ती शिकायला पुण्याला गेली, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत बंड्यानं स्वतःची छाती चोचीनं उपटून उघडी केली. रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं. मी ती वेचून एका डबीत ठेवायचे. टाकवत नव्हती.

मी काय गप्प बसले नव्हते. जिथून पाखरू आणलं त्या दुकानदारानं आरसा लावायला सांगितला. बंड्या दिवसभर त्या आरशाला चिकटून, खाल्लेलं ओकून आतल्या पाखराला भरवायला बघायचा. मी दोन आठवड्यांनी रडत रडत आरसा काढला. दुसऱ्यानं अंगाला तेल लावायला सांगितलं. एका डॉक्टरांनी तर पिंजऱ्यावरचं फडकंसुद्धा उचललं नाही. "असा दुसरा मिळतो की बाजारात," म्हणाले आणि पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊ नये असंच वाटतं.

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी मात्र नीट तपासलं, त्यांचेही उपकार आहेत. रोग नाही, कीड नाही. "कंटाळलाय तो. त्याला काम द्या." पण पाखराला काम द्यायचं म्हणजे काय, हे मला कुठे कळत होतं? शेजारच्या वहिनी म्हणाल्या, सतारमेकर गल्लीतल्या चाचांना विचार, त्यांना पाखरांचं कळतं.

संध्याकाळी सतार-तंबोऱ्यांच्या कारखान्यातून थेट आलात. बाहीवर लाकडाचा भुसा तसाच. आणि चाचा, हे मला सगळ्यांना सांगायचंय. तोवर आलेला प्रत्येक माणूस आधी पिंजऱ्यावर वाकला होता. कुणी गजावर टिचकी मारली, कुणी बोट आत घातलं. तुम्ही दारातच थांबलात, मनगटावरचं चकाकणारं घड्याळ काढून खिशात टाकलंत. मी खुर्ची पुढे केली, तर ती बाजूला सारून फरशीवर बसलात, पिंजऱ्याच्या खालच्या पातळीला, अर्धवट पाठ करून. गुडघे दुखतात तुमचे, बसताना भिंतीचा आधार घेतलात ते मी पाहिलं. मग हळूच विचारलंत, "नाव काय याचं?"

दोन महिन्यांत एकानंही त्याचं नाव विचारलं नव्हतं.

"वरून जे येतं ते याच्या लेखी घारच," एवढं म्हणालात आणि मग बराच वेळ काहीच नाही. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बाहेर अंधार पडला, तुम्ही तसेच बसून. शेवटी बंड्या एकेक पाऊल सरकत दांडीच्या तुमच्याकडच्या टोकाला आला. सपाट झोपलेला तुरा जरासा उचलला. मी पदर तोंडाला लावून आत निघून गेले.

नंतर जे सांगितलंत ते किती साधं होतं! "वाटीत आयतं भरून ठेवलंयस. दहा मिनिटांत पोट भरतं. मग बारा तास त्यानं करायचं काय?" लेकीनं पुढे वाचून सांगितलं, की ही पाखरं ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातली, थव्यानं राहणारी. दिवसाचा मोठा भाग जमिनीवर गवताचं बी वेचण्यात जातो. तुम्ही ते न वाचता ओळखलंत. आता राळं मी कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवते, तो त्या फाडतो. कोथिंबिरीची ओली जुडी टांगते, तो तिच्यात अंग घुसळतो. गुळगुळीत दांडी गेली, पेरूच्या साल असलेल्या जाड-बारीक फांद्या आल्या. गोल पिंजरा जाऊन चौकोनी आला, तोही स्वयंपाकघरापासून लांब, पाठीशी भिंत असलेल्या कोपऱ्यात. नॉनस्टिकचा तवा फार तापला तर त्याच्या वाफेनं पाखरू मरतं, हे मला डॉक्टरबाईंकडून कळलं आणि अंगावर काटा आला. वर्षभर तो ओट्याशेजारीच होता.

आणि तो भोपळ्याचा तुकडा! पंढरपूरकडून तुमच्याकडे तंबोऱ्यासाठी येणाऱ्या भोपळ्यातला, वाहतुकीत फुटलेला. "याला अजून रंग नाही, पॉलिश नाही. निर्धास्त दे." 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावाचा अभिमान वाटला होता, पण एवढी वर्षं इथे राहून मी त्या गल्लीत कधी पाय ठेवला नव्हता. आता दर पंधरवड्याला फुटका तुकडा न्यायला येते. बंड्या त्याचा भुगा करतो, अगदी मन लावून.

एकदा मी विचारलं, हे सगळं शिकलात कुठे? तुम्ही हातातली कानस खाली ठेवलीत. लहानपणी तुमच्या दारात पोपट होता, बावीस वर्षं. तेव्हा घरोघरी असायचे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा यायचा होता. "मिरची दिली, डाळ दिली, बोलायला शिकवलं. पंख पसरता येतील एवढी जागा दिली नाही. त्याचं देणं आहे माझ्यावर." एवढं बोलून परत कामाला लागलात. चाचा, इतक्या वर्षांपूर्वीच्या पाखराचं देणं कोण मानतं? देवळा-दर्ग्यात रांगा लावणारी माणसं खूप पाहिली. दुखऱ्या गुडघ्यांनी परक्याच्या फरशीवर बसणारा माणूस मी एकच पाहिला.

छातीवर कोंब फुटलेत. एका जागी अजून उघडं आहे, पण नवीन पिसं उपटत नाही.

मुख्य सांगायचं राहिलं. परवा रात्री पिंजऱ्यावर कापड टाकायला गेले, तर तो एका पायावर उभा, डोळे अर्धे मिटलेले, आणि चोच चोचीवर घासतोय. बारीक खरखर. पोट आणि मन भरलं की झोपण्याआधी हे पाखरू असा आवाज करतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. महिनोन् महिने तो आवाज घरात नव्हता. मी तुम्हाला फोन लावला आणि काही न बोलता पिंजऱ्याजवळ धरला. तुम्ही बराच वेळ ऐकत राहिलात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस चालवून जवारी लावताना ऐकता ना, तार खुलते का ते, तसेच ऐकत असणार.

मग म्हणालात, "जवारी लागली, बेटा."