मोटर ओव्हरलोड फॉल्ट : पाच कॉल आणि “प्रोटेक्शन बंद करा” हा सल्ला

सेवा विभागप्रमुख,

विषय : ७.५ किलोवॅटच्या ड्राइव्हवर (मोटरचा वेग नियंत्रित करणारं उपकरण) वारंवार येणारा मोटर ओव्हरलोड ट्रिप (मोटरवर जास्त भार आल्याचं समजून ड्राइव्ह आपोआप बंद पडणं).

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला पाचवा कॉल केला. तो झाल्यावर हे लिहायचंच ठरवलं. गेल्या आठवड्यात तुमच्या इंजिनिअरने आमच्या कन्व्हेयरवरचा जुना ड्राइव्ह काढून नवा बसवला, पॅरामीटर स्वतः भरले, शीटवर सही केली. तेव्हापासून लाइन फुल स्पीडला पंधरा-वीस मिनिटं चालते आणि ट्रिप होते.

पहिल्या चारही कॉलना एकच उत्तर मिळालं : “मोटर गेलीय, बदला.” मोटर न बघताच! केबल ड्राइव्हपासून सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, इन्सुलेशन ठीक. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा. कपलिंग काढून शाफ्ट हाताने फिरवला, बेअरिंग मोकळं. हे सगळं दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागलं, कारण आधीच्या कॉलची नोंद तुमच्याकडे कुणालाच सापडत नाही.

आज वीस मिनिटं होल्डवर ठेवल्यावर तुमचा माणूस म्हणाला, “ड्राइव्हमधलं मोटर करंटचं सेटिंग १८ करा.”

मी म्हटलं, “नेमप्लेटवर १४.५ अँपिअर आहे.”

“मग ओव्हरलोड प्रोटेक्शनच बंद करा, लाइन थांबणार नाही.”

“आणि मोटर जळाली तर?”

“मोटर आमची नाही ना, सर.”

हे उत्तर तुमच्या कंपनीचं आहे का, ते मला लेखी सांगा. करंट किती आणि किती वेळ, यावरून मोटर किती तापली असेल याचा अंदाज ड्राइव्ह बांधत असतो, हेच ओव्हरलोड प्रोटेक्शन. ते बंद केल्याने करंट एका अँपिअरनेही उतरत नाही, वाइंडिंग तापतच राहतं. हे तुम्हाला मी शिकवायचं?

कारण शेवटी आमच्याच इलेक्ट्रिशियनने शोधलं. ५० हर्ट्झला लाइन चालू असताना त्याने ड्राइव्हच्या डिस्प्लेवर आउटपुट व्होल्टेज पाहिलं, ३४६. मोटर ४१५ व्होल्टची. बेस फ्रिक्वेन्सी, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला ड्राइव्ह पूर्ण व्होल्टेज देतो ती, ६० वर ठेवलेली होती! व्होल्टेज कमी पडल्यामुळे तोच लोड ओढायला मोटर १६.५ अँपिअर घेत होती. ५० केल्यावर क्लॅम्प मीटर १३.६ वर आला. चार तास झाले, एकही ट्रिप नाही. एका पॅरामीटरसाठी आठवडाभर लाइन बंद-चालू होत राहिली, आणि ते पॅरामीटर तुमच्याच माणसाने भरलं होतं. पाच कॉलमध्ये एकानेही आउटपुट व्होल्टेज विचारलं नाही.

जुना ड्राइव्ह तुमचाच होता, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला, म्हणूनच पुन्हा तुमच्याकडे आलो. त्याचं वाईट जास्त वाटतं.

सात दिवसांत चुकीच्या सेटिंगचा लेखी खुलासा पाठवा, आठवडाभर तापलेल्या मोटरची तपासणी तुमच्या खर्चाने करून द्या, आणि प्रोटेक्शन बंद करायला सांगणं थांबवा. नाहीतर पुढचे सहा ड्राइव्ह दुसरीकडून घेऊ आणि त्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्या संचालकांकडे जाईल.

मेंटेनन्स प्रमुख