ओसाकाहून विलासला: लाकडाच्या कड्याखाली

ओसाका, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार. गणपतीला घरी येता आलं नाही, ते अजून मनात सलतंय. पण काल जे पाहिलं ते आधी तुलाच सांगायला हवं. इथल्या जागतिक प्रदर्शनाला, एक्स्पोला, अखेर जाऊन आलो. युमेशिमा म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेलं बेट, मेट्रो थेट दाराशी सोडते. दीडशेच्या वर देश आलेत आणि हाताशी एकच दिवस.

सुतारकामात हयात घालवलेल्या माणसाला सांगायची गोष्ट मात्र कुठल्याच देशाच्या दालनात नाही, ती या दालनांभोवती आहे. सगळ्या मैदानाला वेढणारं लाकडाचं एक प्रचंड कडं उभारलंय. परीघ सुमारे दोन किलोमीटर, बाहेरच्या अंगाला उंची वीस मीटर. जगातली सगळ्यात मोठी लाकडी वास्तू म्हणून गिनीजमध्ये नोंद झालीय. आराखडा सोउ फुजिमोतो या वास्तुकाराचा. बहुतेक लाकूड जपानचंच, सुगी आणि हिनोकी या तिथल्या सूचिपर्णी झाडांचं. वर छपरावर चालायला वाट आहे, तिथून समुद्र दिसतो. पण मी खालीच रमलो.

कारण एका खांबापाशी थांबलो आणि जोड बघितला. खांबाला आरपार भोक, त्यातून आडवी तुळई पलीकडे गेलेली. विलास, तुमच्या पडवीत आप्पांनी केला होता तोच प्रकार! आपण सातवीत असताना ते पटाशीने भोक पाडत होते आणि आपण दोघं भुसा गोळा करत होतो, आठवतं? इथे याला 'नुकी' म्हणतात. क्योतोच्या कियोमिझु मंदिराचा उंच सज्जा याच रीतीवर उभा आहे. भूकंपाचा देश म्हणून या कड्यात जोडांना लोखंडाचाही आधार दिलाय, पण रीत जुनीच. मी तळवा टेकवून उभा राहिलो. उन्हाळाभर ऊनपाऊस खाऊन लाकूड बाहेरून करडं पडलंय, आतल्या बाजूला अजून पिवळसर आहे. खाली गार सावली, लोक डबे सोडून जेवत बसलेले. इतकं अवाढव्य बांधकाम आणि तरी पडवीत बसल्यासारखं वाटावं, हे मला फार मोठं वाटलं.

तिथून बाहरीनच्या दालनात गेलो. लीना घोत्मेह या बाईंनी ते अरबी गलबताच्या सांगाड्यावरून रचलंय. बारीक बारीक लाकडं एकमेकांत अडकवून चार मजले उभे केलेत. आत शिरल्यावर उपडी घातलेल्या होडीखाली उभं राहिल्यागत होतं. आखातातल्या अशा गलबतांना सागवान आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जायचं, म्हणून मला तिथे परकं वाटेना.

इटलीच्या रांगेत काही तास लागतात असं ऐकून ती सोडली. खांद्यावर आकाशाचा गोल पेलणारा प्राचीन संगमरवरी अ‍ॅटलस नेपल्सहून तिथे आणलाय, तो राहिला याची हळहळ आहे. अमेरिकेकडे चंद्रावरचा दगड. १९७० साली ओसाकातच एक्स्पो भरला होता, तेव्हाही त्यांनी चंद्राचा दगड ठेवला होता. रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. शाळेत असताना तो दगड बघायला वडिलांबरोबर आले होते, म्हणाल्या. या खेपेला नातवाचा हात धरून आल्या होत्या.

आपल्या दालनाचं नावच 'भारत'. दर्शनी भागाला कमळ आणि अजिंठ्याचा पद्मपाणी. दहावीच्या सहलीत पहिल्या लेण्यात अंधुक उजेडात त्याच्यासमोर आपण गप्प उभे होतो. इतक्या लांब तो भेटला आणि माझा गळा दाटून आला.

छोटे देश मात्र एकेका मोठ्या सभागृहात एकत्र बसवलेत, प्रत्येकाला जेमतेम एक कोपरा. मोठ्या दालनांतले पडदे आणि दिवे डोळे दिपवतात, पण तिथे माणसाशी बोलता येतं. प्रशांत महासागरातल्या एका बेटाची बाई पानांची चटई विणत होती. मी बराच वेळ बघत राहिलो, तर तिने पट्टी माझ्या हातात दिली आणि एक खाली, दोन वर, असं शिकवलं. दिवसभरात मला सगळ्यात जवळचा वाटला तो हाच कोपरा.

१३ ऑक्टोबरला प्रदर्शन संपतंय. कडंही उतरवणार, ईशान्येकडचा सुमारे दोनशे मीटरचा तुकडा तेवढा ठेवणार आहेत म्हणे. म्हणून जोडांचे फोटो जवळून, चारही बाजूंनी काढलेत. सोबत पाठवतोय, ते आप्पांना मोठे करून दाखव. आणि पडवीतल्या त्या जोडाला त्यांनी पाचर एकाच बाजूने मारली होती की दोन्हीकडून, ते विचारून मला कळव. इथे एका सुताराशी ओळख झालीय, त्याला सांगायचं आहे.

आप्पांना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
सुधीर